सरकीच्या लवेचा पडदा

तुम्ही घडवलेल्या वस्तूचा सौदा चालू असताना तुम्हाला कधी पाण्याचा ट्रे धरून उभं केलं आहे का?

मला केलं. खामगावच्या एका कॉलेजात, मी मदतनीस होते त्या प्रयोगशाळेत. टेबलावर माझं मेम्ब्रेन होतं, म्हणजे वायू गाळणारा पातळ पडदा. तळहाताएवढा, पांढरा. समोर कंपनीचे दोन पाहुणे आणि आमचे सर. सकाळीच सरांनी बजावलं होतं, "पाहुणे पुण्याचे आहेत. मले-तुले करू नकोस. बोललीच नाहीस तर उत्तम."

जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. तो काढल्याशिवाय वायू नीट जळत नाही, पाइपलाइनमधून पाठवता येत नाही. गाळणारे पडदे महाग, म्हणून वायूच्या लहान विहिरी तशाच पडून राहतात. आणि माझी आई अजून पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, जाळून भाकरी करते. ती कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला आहे. सरकीला चिकटलेली बारीक लव रोज तिच्या साडीला लागून घरी येते. त्या लवेचा पडदा करता येईल, हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते माझ्यासोबत जमिनीवर बसून चहा प्यायले होते. म्हणाले होते, "हा पडदा कोणाच्या बापाचा नसेल. मागेल त्याला करायला शिकवू."

सर संग्रामपूरकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातले. पण सभेत 'विज्ञान सगळ्यांचं' म्हणून बोलायचे. त्या सभांची पत्रकं मी वाटली आहेत. आईपेक्षा जास्त विश्वास माझा त्यांच्यावर होता.

पहिले पडदे मी पापडासारखे उन्हात वाळवले. सगळे वाया गेले. छिद्रं मिटली, वायू जाईना. आई म्हणाली, "तळून तरी पाह्य!" घाईनं वाळवायचं नाही, हे शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

त्या दिवशी सरांनी कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू सोडला. तो पडद्यानं गाळल्यावर बर्नरची फडफडणारी ज्योत स्थिर, निळी झाली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी पाणी पुढे केलं.

मोठ्या पाहुण्यानं माझ्याकडे न बघता ग्लास उचलला. "छान. हा आम्ही घेतो आणि बंद करून ठेवतो. आमचा बाहेरून आणलेला माल चालतोय, त्याला धक्का नको. ही कृती आणखी कोणाला येते?"

"कोणालाच नाही," सर म्हणाले.

"ही मुलगी?"

"ही? ही काचा धुते."

हसले. तिघंही हसले.

मी सरांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता म्हणतील, गंमत केली. आता म्हणतील. ते बर्नर बंद करत होते.

मी ट्रे खाली ठेवला. "मले येते. मीच केला हा. अन् ज्याले पाह्यजे त्याले शिकवीन."

पाहुण्यानं भरलेला ग्लास तसाच ट्रेमध्ये ठेवला. दोघं निघून गेले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि सरांची शुद्ध भाषा गळून पडली.

"काऊन माती केली वं माही? तुले मी उभं केलं!"

"हो सर. ट्रे धरून."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार मला बंद झालं. आई म्हणाली, "काचाच धुते म्हणून चूप राह्यली असती तं काम तरी राह्यलं असतं." आणि चुलीत पऱ्हाटी सारून खोकत राहिली.  

सर दुसरं गिऱ्हाईक शोधतील. पण जे मोजक्याच लोकांना येतं तेच बंद करून ठेवता येतं. म्हणून ऐका. लव उकळून स्वच्छ करायची. तिचं सेल्युलोज ॲसिटेट करायची रीत रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून काचेवर पातळ पसरायचं, थंड पाण्यात बुडवायचं. उन्हात टाकायचं नाही. पडद्यातल्या पाण्याच्या जागी हळूहळू अल्कोहोल जाऊ द्यायचं, मगच वाळवायचं.

सरांना मी माफ करणार नाही. पुन्हा कोणाचा ट्रे धरणार नाही.

तुम्ही रसायनशास्त्र शिकवत असाल, तर उद्या हे फळ्यावर लिहा. शिकत असाल, तर करून बघा, आणि आणखी एकाला शिकवा. फुकट शिकवा.