वडापच्या बाई

बाईंची जीप हजेरी झाल्याशिवाय हलायची नाही. सकाळी आठला गावच्या चौकात त्या स्टिअरिंगवरूनच मागे वळत आणि एकेकाचं नाव घेत. ‘हजर’ म्हणावंच लागे. साठी उलटलेल्या तुकारामतात्यांनी एकदा नुसती मान हलवली, तर बाई म्हणाल्या, “मान सगळेच हलवतात. तोंडानं सांगा.” तात्यांनी सांगितलं. घरात कुणाचंही न ऐकणारा तो माणूस पिशवी मांडीवर ठेवून, हाताची घडी घालून भोरपर्यंत गेला.

त्याआधी बावीस वर्षं बाई भोरच्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवत होत्या. मुलं कमी होत गेली आणि शाळा बंद झाली. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बाई तेव्हा अठ्ठेचाळीसच्या. “घड्याळ दिलं, पण त्या वेळाचं करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही,” असं त्या म्हणायच्या. मग त्यांनी विम्याची एजन्सी घेतली. पण पॉलिसीतली बारीक अक्षरं त्या गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि शेवटी बजावायच्या, “समजलं नसेल तर घेऊ नका.” कुणी घेतली नाही.

त्यांचे यजमान दिनकरराव. आमच्या धरणाकाठच्या गावातून भोरला वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेऊन खाजगी जीपमधून, माणसं न्यायची, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा. मधुमेहानं त्यांची नजर गेली आणि जीप ताडपत्रीखाली गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नवरा-बायको दिवसभर समोरासमोर बसून त्या घड्याळाची टिकटिक ऐकत. एक दिवस बाई म्हणाल्या, “मला जीप शिकवा.”

“मला दिसंना झालंय.”

“मला दिसतंय. तुम्ही नुसतं सांगा.”

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी मागे हटतं आणि धरणाच्या पोटातली सपाट जमीन उघडी पडते. तिथं बाई शिकल्या. दिनकरराव शेजारी बसून कानानं शिकवायचे. लग्न झाल्यापासून तेही त्यांना बाईच म्हणत. “दुसरा गिअर रडतोय, बाई. ऐकू येईना व्हय?” असं ते म्हणाले की बाई जीप थांबवून वहीत लिहायच्या : क्लच सावकाश सोडणे. एकदा त्या पाण्याच्या फार जवळ गेल्या आणि जीप चिखलात रुतली. बैल लावून काढावी लागली. बघायला निम्मं गाव जमलं होतं. “ह्या वयात कशाला ही हौस,” असं कुणीतरी म्हणालं. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या बाई त्याच्याकडे वळल्या. “चुकलं तर खोडायचं. पान फाडायचं नाही.” आणि पुन्हा जाऊन बसल्या.

पहिल्या परीक्षेत त्या एका कुत्र्याला वाट द्यायला थांबल्या, त्या थांबल्याच. कुत्रं रस्त्यातच बसलं होतं. लायसन दुसऱ्या खेपेला मिळालं.

पहिल्या दिवशी जीपमध्ये कुणीच बसेना. पुरुषमाणसं एसटीची वाट बघत चौकात उभी राहिली. शेवटी कोंडाआजी पुढं झाली. “एसटी येस्तवर म्या मरंन. चल गं बये.” म्हातारी संध्याकाळी धडधाकट परत आली, एवढंच नव्हे तर वाटेत बाईंनी सातचा पाढा म्हणून घेतला, असं सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी जीप भरली.

मीही त्यांच्याच जीपनं जायचो. तेव्हा मी पंचेचाळीसचा. पंपांच्या कारखान्यातली नोकरी सुटली म्हणून पुण्याहून गावी आलो होतो. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत मारून निघायचो. घरी सांगायचो, कामाचं बघतोय. खरं तर भोरच्या वाचनालयात दिवसभर पेपर वाचत बसायचो. राशिभविष्यसुद्धा बाराही राशींचं. महिनाभरानं एका संध्याकाळी सगळे उतरल्यावर बाईंनी विचारलं, “तुम्ही रोज भोरला काय करता?” त्यांच्याशी खोटं बोलवेना.

त्या रागावल्या नाहीत. “हजेरी लागली म्हणजे शिक्षण झालं असं नसतं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मध्येच एका शेताशी जीप थांबवली आणि मला उतरवलं. शेतकऱ्याला म्हणाल्या, “तुमचा पंप बंद आहे ना? हे पंपांच्या कारखान्यात होते.”

मी हळूच म्हणालो, “बाई, तिथं मी पंपाचा रंग तपासायचो.”

“बाहेरून पाहून झालं ना? मग आता आतून बघा.” आणि जीप निघूनही गेली.

संध्याकाळी मी पंप जोडला तेव्हा तीन बोल्ट उरले. दुसऱ्या दिवशी एकच उरला आणि पंप चालू झाला. पाटात पाणी पडलं तेव्हा माझ्या डोळ्यांतही आलं. शेतकऱ्याला वाटलं, बोल्ट उरला म्हणून मी रडतोय. “असूं द्या हो, हुतं असं,” म्हणून त्यानं मला चहा पाजला. आता सात वर्षं मी हेच काम करतो. फाइल कुठं आहे, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी दिनकररावांच्या मूत्रपिंडांनी त्रास द्यायला सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करायचं, म्हणून दोघांनी पुण्याला लेकीकडे राहायला जायचं ठरलं. लेक गाडी पाठवते म्हणाली. बाईंनी ऐकलं नाही. जीपमध्ये भांडी, गाद्या आणि दिनकरराव घेऊन त्या निघाल्या. सोबतीला मी कापूरहोळपर्यंत गेलो.

तिथं भोरचा रस्ता हायवेला मिळतो. बाई हायवेवर कधी गेल्या नव्हत्या. मी उतरलो, तरी जीप हलेना. समोरून ट्रकमागून ट्रक जात होते. बाईंनी दोनदा गिअर टाकला आणि दोनदा काढला.

दिनकररावांनी विचारलं, “रस्ता कसा हाय?”

“खूप मोठा.”

“मोकळा हाय का?”

“नाही.”

“मग मोकळा व्हायची वाट बघू नका, बाई. त्यो काय व्हायचा न्हाई. जरा फट दिसली की शिरायचं.”

बाईंनी पदर खोचला, आरशात पाहिलं, आणि शिरल्या.