कारणाचा रकाना

थोरलीच्या खोलीला कुलूप असे आणि त्याची एकुलती एक किल्ली थोरलीच्या पर्समध्ये. आत रुग्णालयाचा डेटाबेस सर्व्हर. गेल्या चौदा वर्षांतल्या प्रत्येक तपासणीचा अहवाल त्यात साठवलेला. अख्ख्या शहराचं रक्त आपल्या ताब्यात आहे असं ती कधी बोलली नाही, पण वागायची तसंच.

त्या सर्व्हरवर काहीही बदललं की रजिस्टरात नोंद व्हायचीच. तारीख, वेळ, काय बदललं, आणि शेवटी कारण. रकाने तिने स्वतः पट्टीने आखलेले. कारणाचा रकाना कोरा राहिलेला तिला खपत नसे. एकदा खुद्द साहेबांनी काही बदलायला सांगितलं, तर "कारण सांगा सर, लिहायचंय," म्हणून तिने त्यांनाही दारात उभं केलं होतं.

शेजारच्या खोलीत धाकटी. दिराची बायको, म्हणजे थोरलीची जाऊ. दोन वर्षांपूर्वी थोरलीनेच साहेबांकडे शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. तिच्याकडे ॲप्लिकेशन सर्व्हर. डॉक्टरने पेशंटचं नाव दाबलं की धाकटीचा सर्व्हर थोरलीच्या सर्व्हरकडे जाणार, अहवाल मागून आणणार आणि पडद्यावर दाखवणार. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ते माणसांचं. इथे दोघींची यंत्रंही एकमेकींच्या जावाच होती.

धाकटी आळशी, उद्धट, निदान थोडी खोटारडी तरी असती तर थोरलीला किती बरं झालं असतं. पण ती तशी नव्हती. घरी थोरलीची स्वतःची मुलगीसुद्धा हल्ली गणितं घेऊन काकूकडे जायची, आणि काकूच्या खोलीतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. गणितात हसण्यासारखं काय असतं, हे थोरलीला कळत नसे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दीड महिन्यापूर्वी साहेबांनी धाकटीने अहवालांसाठी बनवलेल्या नव्या पडद्याचं भर सभेत कौतुक केलं. त्याच संध्याकाळी घरी सासूबाई म्हणाल्या, "तुला चार दिवस सांगत होते. धाकटीने फोन एका मिनिटात नीट करून दिला." दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खोलीत आली आणि पर्सही खाली न ठेवता तिने धाकटीच्या सर्व्हरला एका वेळी मिळणारी कनेक्शनं साठावरून वीसवर आणली. शिस्त हवी, असं तिने स्वतःला सांगितलं. तेव्हा वीस पुरत होती, कुणाचं काही अडलं नाही. रजिस्टरात मात्र तिने लिहिलं नाही. कारणाच्या रकान्यात लिहिणार तरी काय होती?

मग या सोमवारी आणखी तीन वॉर्ड नव्या पडद्यावर आले. सकाळी दहाला डॉक्टर राउंडला निघाले आणि पडदे अडकले. "सर्व्हरशी संपर्क होत नाही." नर्स कागदी अहवाल घेऊन जिने चढू-उतरू लागल्या.

थोरलीने आपल्या सर्व्हरचा लॉग उघडला. प्रत्येक घटनेची नोंद यंत्र त्यात आपणहून करतं, त्याला कारण विचारावं लागत नाही. तिथे ओळीमागून ओळ तेच म्हणत होती: या वापरकर्त्याची कनेक्शनं संपली, वीसपैकी वीस. तिला ती सकाळ आठवली. तेवढ्यात धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तुमच्या लॉगमध्ये काही दिसतंय का? माझा लॉग नुसतंच म्हणतोय, वाट पाहून वेळ संपली."

"काही नाही. तुझंच काहीतरी असेल, बघ." जीभ मनाच्या आधी बोलून गेली.

धाकटी कामाला लागली. दोन्ही यंत्रांमधला रस्ता चालू होता. थोरलीच्या यंत्राचं दार उघडं होतं. पासवर्ड बरोबर होता. तिने केबल बदलली, आपला सर्व्हर बंद करून चालू केला. अर्धा तास सगळं सुरळीत चाललं आणि गर्दी वाढताच पुन्हा अडकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण तो कळसा धाकटीच्या काखेत नव्हता, पलीकडच्या कुलूपबंद खोलीत होता. आणि येत्या शुक्रवारी साहेब तिला कायम करायचं की नाही, हे ठरवणार होते.

बुधवारी थोरलीच्या मनात आलं, गुपचूप पुन्हा साठ करून टाकावं. कुणाला कळणारही नाही. पण मग सगळ्यांना वाटणार, धाकटीने दुरुस्त केलं. साहेब पुन्हा टाळ्या वाजवणार. तिचा हात माउसवरून मागे आला. मत्सर माणसाला वाईट वागायला लावतोच, पण चांगलं वागायलाही आडवा येतो.

गुरुवारी नेटवर्कवाला मीटर, क्लिपा घेऊन आला आणि सगळं तपासून म्हणाला, "मॅडम, मधला रस्ता एकदम ठीक आहे. डेटाबेसकडे काही बदललंय का, ते विचारा."

"ताईंच्या रजिस्टरात नोंद नाही," धाकटी म्हणाली. "नोंद नाही म्हणजे बदल नाही. तिकडे वेळ नका घालवू."

भिंतीपलीकडे थोरलीने हे ऐकलं. तिला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण आधी राग आला. इतका विश्वास ठेवतं का कुणी कुणावर? आणि मग या विश्वासाचाही तिला हेवा वाटला. तिने स्वतः असा विश्वास आजवर कुणावर ठेवला नव्हता.

शुक्रवारी दोघी साहेबांसमोर बसल्या. धाकटीने पाच दिवसांत काय काय तपासलं ते दोन पानांत लिहून आणलं होतं. शेवटी लिहिलं होतं: दोष ॲप्लिकेशनच्या बाजूचा असावा. मला तो सापडला नाही.

साहेबांनी कागद थोरलीकडे सरकवला. "डेटाबेसच्या बाजूने सही करा. मग हिच्याबद्दल काय ते ठरवतो."

धाकटीचे डोळे सुजलेले होते. तिने आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन थोरलीपुढे धरलं.

"रजिस्टर आणते," थोरली म्हणाली.

खोलीत जाऊन तिने आधी वीसचे साठ केले. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग साहेबांच्या टेबलावर रजिस्टर उघडून तिने पुढच्या कोऱ्या ओळीत दीड महिन्यापूर्वीची तारीख घातली. रजिस्टर सुरू केल्यापासून पहिल्यांदाच तारखांची रांग मोडली. वेळ लिहिली, साठावरून वीस लिहिलं. कारणाच्या रकान्याशी पेन थांबलं. शिस्त, असं लिहिता आलं असतं. तिने लिहिलं: हेवा.

खालच्या ओळीत आजची तारीख. वीसवरून साठ. कारण: वरचं कारण पुरेसं नव्हतं.

साहेबांनी वाचलं, पण पहिले तीनच रकाने. चौथा ते कधीच वाचत नसत. "तुम्ही? नोंद न करता?" त्यांनी पुन्हा एकदा तारीख पाहिली. मग धाकटीचं कायम करण्याचं पत्र पुढे ओढून त्यावर सही केली. "आणि यापुढे तुमच्या प्रत्येक नोंदीपुढे हिची सही. किल्लीची दुसरी प्रतही हिच्याकडे द्या."

खोलीत परत येऊन थोरलीने पट्टी घेतली आणि कारणाच्या पलीकडे नवा रकाना आखला. वर लिहिलं: तपासणारी. मग रजिस्टर धाकटीपुढे केलं. धाकटी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवत गेली. चौथ्यावर ते बराच वेळ थांबलं.

"ताई, मी सोमवारीच विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"माझा हेवा? कशाचा?"

"कशाचा नाही ते विचार. सही कर."

धाकटीने डोळे पुसले आणि सही केली. दोन ओळींपुढे दोन, सरळ, गोल, कुठेही शाई न फुटलेल्या. थोरली बघत राहिली. सहीसुद्धा मेलीची सुरेख होती.