कर्णिकसाहेबांचा जड क्लच

"रवी, अजून जडच आहे रे," कर्णिकसाहेब म्हणाले आणि चावी माझ्या हातात ठेवली.

एकाच तक्रारीसाठी तिसरी वेळ. माझं डोकंच फिरलं. गोरेगावात इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, एक काम तीनदा परत आलं असं कधी झालं नव्हतं. आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच दोष शोधत बसायला नको. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. जे काय होतं ते साहेबांच्या डाव्या पायाला होतं. मला ते कळायला सहा महिने लागले आणि त्याची भरपाई त्यांच्या पायाने केली.

कर्णिकसाहेब बोरीवलीचे. इमारतींचे स्ट्रक्चरल इंजिनिअर, वय पंचावन्नच्या पुढे. मुलीचं शिक्षण पार पडलं आणि या माणसाने सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन सीटची, मॅन्युअल गिअरची. सोसायटीतले हसले, "कर्णिकांना आता मिशी फुटली" म्हणाले. साहेबांना फरक पडला नाही. दर रविवारी सकाळी वहिनींना शेजारी बसवायचे, घोडबंदर रोडला जायचे, मिसळ खाऊन परत. बाकी सहा दिवस ऑफिसला ऑटोमॅटिक गाडी. तिला क्लच नसतो, डावा पाय नुसता बसून असतो. मला हे माहीत होतं. त्याचा अर्थ लावायचं मात्र सुचलं नाही.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातली सोडजोड. पेडल दाबलं की सुटते, सोडलं की जोडली जाते. पेडल वर येताना एका जागी गाडी हळूच पकड घेते, त्याला आम्ही बाइट म्हणतो. साध्या गाडीत पेडल हलकं असलं की लोक खूश. स्पोर्ट्स कारचं तसं नसतं. तिथे पेडलला थोडं वजन लागतं, बाइट तळव्याला नीट कळावा लागतो. ते जमलं की म्हणायचं, फील आला.

पहिल्यांदा साहेब आले ते गणपतीच्या आधी. म्हणाले, क्लच जड वाटतो. बघितलं तर क्लचचं ऑइल काळं झालेलं. ते बदललं, पाइपातली हवा काढली, पेडलच्या सांध्यात पितळेचा बुश टाकला, ग्रीस भरलं. ट्रायल घेतली. एकदम झकास.

आता ही ट्रायल कशी घेतात ते सांगतो, कारण सगळी माती तिथेच खाल्ली. आमच्याकडे ट्रायलला स्टिअरिंगवर मेकॅनिक बसतो आणि गिऱ्हाईक शेजारी. मी शिकलो तेव्हापासून हेच. गिऱ्हाइकाच्या हातात स्टिअरिंग दिलं की त्याला दहा नवे आवाज ऐकू येतात आणि गाडी काही गॅरेजमधून हलत नाही. तेव्हा चालवायचं आपण आणि विचारायचं, "बघा साहेब, आहे काही प्रॉब्लेम?" तो बिचारा शेजारी बसून काय सांगणार? कर्णिकसाहेबही म्हणायचे, "तू चालवतोस तेव्हा छान वाटतं रे."

दुसऱ्यांदा आले दिवाळीनंतर. म्हणाले, "जड आहेच. आणि सिग्नलला थांबलो की पाय भरून येतो." मी जॉब कार्डवर लिहिलं, क्लच पेडल जड. पायाचं कशाला लिहायचं? मी काय डॉक्टर आहे? गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवं टाकलं. खरं म्हणजे जुनी प्लेट अजून दोन वर्षं आरामात गेली असती.

माझे उस्ताद बाबूमेस्त्री तेव्हा गॅरेजमध्येच बसले होते. मालवणकडचे, सत्तरी उलटलेली, आता काम करत नाहीत, चहाला येतात. गाडी लिफ्टवरून खाली आल्यावर त्यांनी स्वतः पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले, "गाडी बरी आसा रे. एकदा तेंकाच चालवूक दी."

मी म्हटलं, "मेस्त्री, तुम्हीच शिकवलंत ना, गिऱ्हाइकाला स्टिअरिंग द्यायचं नाही म्हणून?"

"शिकवलंय मीच," ते म्हणाले आणि चहा प्यायले. तो विषय तिथेच राहिला.

तिसरी वेळ संक्रांतीची. सुरुवातीला सांगितली ती. आता माझ्यातला कारागीर पेटला होता. जड म्हणतोस काय, थांब, असा हलका करतो की फुंकर मारलीस तरी दबेल. पेडलच्या मागे एक सिलिंडर असतो, तो ऑइल ढकलतो. त्या जागी मी बारीक तोंडाचा सिलिंडर बसवला. इंजेक्शनची बारीक सिरिंज कशी सोपी दाबली जाते, पण तेवढंच औषध ढकलायला दट्ट्या लांबवर न्यावा लागतो, तसंच हे. पेडल लोण्यासारखं झालं. मी स्वतःवरच खूश.

शिमग्याच्या आधी साहेब पुन्हा दारात. आता म्हणाले, "हलका झाला रे. पण पाय पेडलवर आहे की नाही, तेच कळत नाही."

मला वाटलं, बरोबर आहे, हलका केला की फील जाणारच. मी फटकन बोललो, "साहेब, हलका पण पाहिजे आणि फील पण पाहिजे, दोन्ही कुठून आणू? तुम्ही एकदा काय ते नक्की ठरवा ना."

ते ओशाळले. "सॉरी रे. तुला फारच त्रास देतोय मी."

हे वाक्य मला आजही छळतं.

त्या दिवशी माझा डावा हात गरम सायलेन्सरला भाजला होता. गिअर तर डाव्याच हाताने टाकायचा. पट्टी बांधून जमेना, म्हणून वैतागून म्हटलं, "तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो." ती गाडी आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारी बसलो.

साहेबांनी गाडी सुरू केली. मग डाव्या हाताने गुडघ्याजवळ पँट पकडली, पाय वर उचलला आणि पेडलवर ठेवला. जेवताना आपण पाट पुढे ओढून घेतो ना, तितक्या सहज. गाडी निघाली. पुढे गिअर बदलताना पुन्हा पँट धरून पाय पेडलवर. आरेच्या चढावर पाय पेडलवरून घसरला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. मागचा रिक्षावाला शिव्या घालत निघून गेला.

मी खाली बघितलं. डाव्या बुटाचं टोक पार घासलेलं, उजवा बूट नव्यासारखा. एका बाजूने झिजलेला टायर मला दहा फुटांवरून दिसतो. हा बूट सहा महिने माझ्या गॅरेजमध्ये येत-जात होता.

"साहेब, पाय हाताने कधीपासून उचलताय?"

"मी कुठे उचलतोय?" ते म्हणाले. मग त्यांनी खाली बघितलं. पँट अजून मुठीतच होती.

त्यांनी हळूच मूठ सोडली. मग म्हणाले, "चप्पल पण निसटते रे हल्ली. मला वाटलं, सैल झालीय."

भाजल्या हाताने गाडी मीच परत आणली आणि वहिनींना फोन केला.

मणक्यात गाठ निघाली. साधी होती, कॅन्सर नव्हता, पण मज्जारज्जूवर दाबून बसली होती. ऑपरेशनच्या आधी वहिनींचा हॉस्पिटलमधून फोन आला. "रवीभाऊ, डॉक्टर विचारतायत, त्रास नेमका कधी सुरू झाला. यांना काही आठवत नाहीये. गाडी पहिल्यांदा तुमच्याकडे कधी आणली होती?"

मी जॉब कार्डांची फाइल काढली आणि वाचत गेलो. पहिली तारीख, दुसरी तारीख, तिसरी. वहिनी पलीकडे लिहून घेत होत्या. दुसऱ्या कार्डाशी मी थांबलो. म्हटलं, "वहिनी, यावर लिहिलेलं नाही, पण तेव्हा साहेब म्हणाले होते, पाय भरून येतो. तेही डॉक्टरांना सांगा."

त्यांनी तेही लिहून घेतलं. मी म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"मी रोज घरात असून मला दिसलं नाही, रवीभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू?"

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पुढचं नुकसान थांबलं, पण गेली ती ताकद परत येईल असं धरून चालू नका. दिवाळीत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. साहेब आता काठी घेऊन चालतात. ऑफिसची ऑटोमॅटिक चालवतात. क्लच दाबणं मात्र कायमचं गेलं.

गाडी विकायला काढली. ठाण्याचा एक तिशीतला पोरगा बघायला आला. साहेब काठी टेकून गॅरेजच्या दारात उभे होते. पोराने चक्कर मारली, उतरला आणि म्हणाला, "गाडी मस्त आहे. पण क्लच फारच हलका आहे यार. काही फीलच नाही. ओरिजिनलसारखा जड करून मिळेल का?"

मला तोंड वर करवेना. साहेबच म्हणाले, "करून देईल ना. माझा माणूस हुशार आहे."

अर्ध्या दिवसाचं काम. जुना सिलिंडर परत बसवला, हवा काढली, स्टिअरिंगवर बसून पेडल दाबलं. सुंदर होतं हो. वजनदार, आणि बाइट तळव्याला स्वच्छ कळत होता. साहेब पहिल्यांदा आले तेव्हाही असंच होतं, अगदी असंच. मी गाडीत बसूनच रडलो.

आता माझ्याकडे गिऱ्हाईक जे बोलेल ते, त्याच्याच शब्दांत जॉब कार्डवर लिहितो. पाय म्हणाला तर पाय. ट्रायलला गाडी त्यालाच चालवायला लावतो, मी शेजारी बसतो. दहा नवे आवाज निघतात, वेळ जातो, कारागीर कटकट करतात. करू देत. क्लच जड आहे असं कोणी म्हणालं की बॉनेट उघडायच्या आधी मी त्याला दारापासून गाडीपर्यंत चालत यायला सांगतो.