ग्लासगोच्या बाजूचे मामाजी

इंग्रज गेले, पण त्यांच्या गावांची काळजी वाहायला एक माणूस इथे मागे राहिला, तो म्हणजे माझे मामेसासरे. कोणत्या विलायती शहरात माणसं वाढली नि कुठे घटली याचा जेवढा घोर जबलपुरात सिव्हिल लाइन्सच्या मागच्या दोन खोल्यांत मामाजींना होता, तेवढा तिथल्या नगरपालिकांनाही नसेल. मी नागपूरची. लग्न होऊन इकडे आले, तर माहेर, शिक्षण, स्वयंपाक यांतलं काहीएक न विचारता त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सूनबाई, लंडन सोडून दे, तो थोरला भाऊ. त्याच्या खालोखाल कोण? बर्मिंगहॅम की ग्लासगो?" मी घाबरत बर्मिंगहॅम म्हटलं. मामाजींचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, आपला पायगुणच वाईट. रात्री यांनी समजावलं, की मामा ग्लासगोच्या बाजूचे आहेत, आणि बर्मिंगहॅम पुढे निघून गेल्याचं दुःख त्यांना अजून पचलेलं नाही.

झालं होतं असं, की गोऱ्या साहेबांनी बंगले सोडले तेव्हा त्यांचं सामान मातीमोलानं विकलं गेलं. कुणी पलंग आणले, कुणी चिनी मातीची भांडी. मामाजी रेल्वेच्या ऑफिसात कारकून. त्यांनी हातगाडीभर जाडजूड इंग्रजी वार्षिकं आणली. त्यांत विलायतेतल्या शहरांची लोकसंख्या छापलेली असे. मामींनी म्हणे तेव्हा बरेच दिवस अबोला धरला होता. पुढे मामाजी वाचनालयातल्या पेपरांवर भागवू लागले. लिव्हरपूलचा आकडा उतरला की त्यांना जेवण गोड लागत नसे. स्वतः मात्र ते जबलपूर सोडायला कधी राजी नसत. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की त्यांचं पोट बिघडायचं.

पण या वेडातून त्यांनी एक शहाणपण काढलं होतं, हे मान्य करायला हवं. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात उरलो आणि राजधानीची आस लावून बसलेल्या जबलपूरला डावलून ती भोपाळला गेली. गावावर सुतक आल्यासारखं झालं. मामाजी सराफ्यातल्या ओट्यावर बसून सगळ्यांना म्हणाले, "काहून रडून राहिले भैया? बर्मिंगहॅम कुठं राजधानी आहे? माणसं येत राहिली पाहिजे, बस." मग आमची मराठी घरं एकेक करून बदलीनं नागपूर-पुण्याकडे जाऊ लागली. गणपतीच्या आरतीला माणसं कमी पडायला लागली. तेव्हा मामाजी सांगत, "ग्लासगोचेही लोक निघून राहिले. मेले थोडेच? आजूबाजूच्या नव्या वसाहतींत राहायला गेले. गाव सोडलं म्हणजे नातं सुटलं असं नाही बावा."

खरी पंचाईत झाली ती त्यांच्या सुमनच्या लग्नाची. मामी गेल्यावर घरात बाप-लेक दोघंच. लोक पत्रिका जुळवतात, मामाजी मुलाचं गाव जुळवत. मध्यस्थ बिचारा मुलाचा पगार सांगायला लागला, की हे विचारत, "ते असू द्या. गाव वाढून राहिलं की घटून?" शिवनीचं स्थळ आलं, गावाची वाढ बेताची म्हणून नाकारलं. नागपूरचं आलं, तिथली राजधानी गेली, आता माणसं उतरतील, म्हणून नाकारलं. मुंबईचं आलं, तर म्हणे फारच वाढली, तिथं पोरीला श्वास कुठून मिळणार. मोठं चालत नाही, लहान चालत नाही, वाढतं नको, घटतं नको. मी एकदा चिडून म्हटलंच, "मामाजी, तुम्हाला सुमनसाठी गाव हवंय की कारण?" ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच क्षणी कीवही.

आणि नशिबाची गंमत पाहा. अमरावतीकडच्या एका डॉक्टर मुलाचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला होता ग्लासगोत. सुमनला तो आवडला, हे तिनं मला चहा गाळताना सांगून टाकलं. मामाजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. जन्मभर ज्या गावाची बाजू घेऊन भांडले, त्याच्यावरच उलटले. "ग्लासगो खाली होऊन राहिलं, सूनबाई. जिथून लोक चालले, तिथं पोरगी कशी द्यायची?"

सुमन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगता ना, गाव सोडलं म्हणजे नातं सुटत नाही."

मामाजींनी उठून टोपी घातली आणि म्हणाले, "चलो. मुलाच्या वडिलांना तार करून येतो."

लग्न झालं, सुमन गेली. पुढची जनगणना आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते, आणि आम्हा शाळामास्तरणींना रिवाजाप्रमाणे त्या कामाला जुंपलं. मामाजींची गल्ली माझ्याच वाट्याला आली. ते स्वच्छ धोतर नेसून, खुर्ची पुसून तयारच होते. एवढी वर्षं ज्या कामाची नवलाई वाटली, ते आज त्यांच्या दारी आलं होतं. मी नेहमीसारखं विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन," मामाजी म्हणाले.

मी वर पाहिलं. "मामाजी, सुमनला तिकडचे लोक मोजतील."

"तिकडं त्यांच्याजवळ खूप माणसं आहेत गं. एक इकडं लिहिलं तर काय बिघडते?"

मी लेखणीचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. शेवटी तेच म्हणाले, "नाही, नाही. एकच लिही. चुकीचं नको." मी एक लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "लगेच जाऊ नको. चहा टाकतो."

माझी सगळी गल्ली बाकी होती. मी बसले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. मामाजी रिकामी कपबशी हातात घेऊन दारात आले.

"सूनबाई, तिथं थंडी किती असते? एवढी वर्षं माणसंच मोजत बसलो, थंडीचं कधी पाहिलंच नाही."