इन्स्पेक्टर झाल्याचे पेढे

चाळीस वर्षांपूर्वी निगडीच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी एक रहस्यनाटक बसवलं आणि कामं वाटताना अभिनय बघितलाच नाही, नुसती बोली ऐकली. शुद्ध बोलेल तो इन्स्पेक्टर, 'व्हय-न्हाई' करेल तो चोर. अक्कल एवढीच, पण छातीवर 'दिग्दर्शिका' असा बिल्ला होता. इन्स्पेक्टर अर्थातच आमचे यजमान. चोर झाले ते खालच्या मजल्यावरचे शेजारी. मूळचे चाकणजवळच्या कुरुळीचे, कंपनीत टूलरूमला.

या शेजाऱ्यांसारखा सिनेमा बघणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. नाटकानंतरच्या वर्षी कंपनीनं त्यांना मशीन शिकायला रशियात धाडलं. बाकीचे फरच्या टोप्या घेऊन परतले, हे तिथल्या गुन्हेपटांचं वेड आणि कामापुरती रशियन भाषा घेऊन. आता निवृत्तीत सोव्हिएत राज्याच्या अखेरच्या वर्षांतले ते सिनेमे टीव्हीवर शोधून लावतात आणि नावांच्या पाट्या पडत असतानाच सांगून टाकतात, "खुनी डाक्टर हाय. आता नीट बघा." माझी नात एकदा तणतणत उठून गेली. पण खुनी कोण याच्याशी त्यांना देणंघेणंच नसतं. एवढा अवाढव्य देश, त्यातले उझबेक, कझाक, जॉर्जियन, आर्मेनियन पडद्यावर कुठं उभे केलेत, ते त्यांना बघायचं असतं. खोलीत प्रेत पडलेलं, पोलीस धावतायत, आणि हे मधेच सिनेमा थांबवतात. "ह्यो फळवाला बघा. जॉर्जियाचा. त्याची रशियन ऐका, आपल्या चाकणच्या बाजारात बोलल्यावानी. आता संशय याच्यावरच. आन् तपासाला मॉस्कोचा सरळ नाकाचा सायब." कोण कुठला, काम काय, किती बोलला, सगळं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर टिपलेलं. एका उझबेक बाईला अख्ख्या सिनेमात फक्त चहा आणून ठेवायचा होता, तर यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. "येवढ्या लांबनं आनली, येक वाक्य तरी द्यायचं राव."

गेल्या महिन्यात सकाळीच पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभे. मला वाटलं, पणतू झाला.

"न्हाई वैनी. कझाक मानूस इन्स्पेक्टर झालाय. लई पिच्चर बघितल्यावर येक घावला. चोर गोरापान, आन् इन्स्पेक्टर आपल्याच लहेजात बोलतोय."

हातातला पेढा मी परत बॉक्समध्ये ठेवला; गणपतीतलं माझं कामांचं वाटप आठवलं. यजमान गेल्यापासून बँक, दवाखाना, गॅसवाला, माझं सगळं या माणसानं बघितलं. रोज चारला चहाला येतो. आणि चाळीस वर्षं मनात माझं नाटक घेऊन येत असला तर? तसं असेल तर तो चहा नुसता त्याच्या चांगुलपणाचा, मैत्रीचा नव्हे. या वयात माझ्याकडे दुसरं मैत्र उरलेलं नाही, म्हणून विचारायचीही भीती वाटली. दोन दिवस चहात साखर घालायची विसरले. तिसऱ्या दिवशी कप पुढं ठेवला आणि म्हटलं, "भाऊजी, तुमची बोली ऐकून मी तुम्हाला चोर केलं होतं. राग धरलात का हो?"

त्यांनी चष्मा काढला आणि इतके हसले की माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मग डोळे पुसत म्हणाले,

"आला व्हता की राग, चांगला आठ दिस. पर तुमचे सायब ऐन येळंला भाषण इसरले, तवा चोरानंच हळूच सांगितलं त्यांना. समदा इन्स्पेक्टर पाठ व्हता मला, वैनी. त्या दिशी माझा मीच मला पकडला."