ढलप्यांचं पांघरूण

लग्न होऊन मी नाशकात आले तेव्हा माझ्याइतकी हुशार बाई आमच्या कॉलनीत दुसरी नव्हती, असं माझं प्रामाणिक मत होतं. अंगण कसं लख्ख हवं हे मी माहेराहून शिकून आले होते. त्यामुळे पहिल्याच रविवारी ह्यांनी सायकलवरून एक पोतं आणलं आणि जास्वंदीच्या बुडाशी ओतलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. पोत्यात लाकडाच्या वखारीतला केर! सागाची साल, ढलप्या, काय काय.

"अहो, हे काय?"

"झाडांना पांघरूण. माती तापत नाही, ओल टिकते."

"मला कधी आणलंत पांघरूण?"

"तुझ्या माहेरच्या दोन गोधड्या आहेत की."

दुसऱ्या दिवशी हे अंबडला कारखान्यात गेले आणि मी खराटा उचलला. रोज एकेका झाडाखालची ढलपी न् ढलपी गोळा करून बंबात घालायला लागले. "आज पाणी झकास तापलंय," हे न्हाणीतून म्हणाले. मी बाहेर पदर तोंडाला लावून उभी. केवढा पराक्रम! चार-पाच दिवस असंच चाललं. मग जास्वंदीखालची उघडी माती ह्यांना दिसली. त्यांनी एकदा जास्वंदीकडे पाहिलं, एकदा बंबाकडे, आणि ते हातपाय धुवायला गेले. भांडणाची सगळी तयारी करून बसले होते मी, ती वाया गेली. पुढच्या रविवारी सायकलवर दोन पोती आली. एक झाडांना, एक बंबाला.

असा माणूस. त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

ढलप्या पसरायची त्यांची एक तऱ्हा होती. माझी पिठाची चाळणी फाटली, तेव्हा तिची जाळी काढून नुसतं कडं त्यांनी ठेवून घेतलं. रोपाच्या भोवती ते कडं ठेवायचं, कड्याच्या बाहेर ढलप्या पसरायच्या, मग कडं अलगद उचलायचं. रोपाभोवती मातीचं गोल रिंगण उघडं राहायचं.

"हे काय, भातुकली?" मी विचारलं.

"गळ्यापाशी नको. गळा मोकळा हवा झाडाचा."

"झाडाला गळा असतो? मग ठुशी करून घालू का एक?"

हे हसले. मी त्याहून जास्त हसले. स्वतःच्या विनोदावर हसण्यात मला कुणी हरवलं नाही. पण का मोकळा हवा, हे विचारायचं त्या हसण्यात राहूनच गेलं.

पुढे बंब गेला, गीझर आला. मुलगा मोठा झाला, सून आली. ह्यांच्या रविवारच्या ढलप्या चालूच राहिल्या. गेल्या नाही, त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांनी फाटकाशी सोनचाफ्याचं कलम लावलं. मी म्हटलं, "आता ह्या वयात चाफा? फुलं कोण बघणार?" ते म्हणाले, "तू बघशील. तू काही एवढ्यात जात नाहीस." आणि दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

त्या थंडीत मी त्यांना गोधडी पांघरायची. नाशिकची थंडी, त्यात म्हातारं शरीर. गळ्यापर्यंत ओढायची, दोन्ही कडांनी घट्ट खोचायची. हे डावा हात कसाबसा बाहेर काढायचे आणि गोधडी खाली सारायचे. फार नाही, वीतभर. मी पुन्हा ओढायची.

"लहान मुलासारखं करू नका. छातीत कफ होईल."

ते पुन्हा सारायचे. माझ्याकडे बघायचे. मी पुन्हा खोचायची. एक दिवस त्यांनी हात काढलाच नाही. मला वाटलं, जिंकले. सुनेला म्हणालेसुद्धा, "बघ, आता कसे शहाण्यासारखे पडलेत."

माघात ते गेले.

चाफा तेवढा मागे राहिला, कमरेएवढा. तो जगला पाहिजे, बाकी काही नको, एवढंच त्या उन्हाळ्यात माझ्या मनात होतं. आयुष्यभर त्यांचे कष्ट बंबात घातले, आता हे एक रोप तरी जगवावं. सुनेला घेऊन रिक्षाने वखारीत गेले. वखारवाल्याने विचारलं, "चुलीला का, आजी?"

"नाही रे. पांघरायला."

तो सुनेकडे बघायला लागला.

मी त्या चाफ्याला असं पांघरलं म्हणता! साल, ढलप्या, सगळं खोडाशी रचलं, थापून थापून घट्ट केलं, पार पहिल्या फांदीपर्यंत. वर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. झाड बाळंतिणीसारखं गुरफटलेलं दिसायचं. मला भारी समाधान.

जूनमध्ये पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, तहान. पाणी वाढवलं. वाटलं, ऊन लागतंय. अजून एक पोतं ओतलं. पानं गळत राहिली, तेव्हा खाली बसून हातांनी ढीग उकरला. आत खोडाची साल काळी पडली होती. नख लावलं तर सोलून हातात आली, ओली, कुजकट वासाची. खोडाला चहूबाजूंनी तसंच.

नळाजवळच्या खिळ्याला चाळणीचं कडं लटकत होतं. तिथेच, इतकी वर्षं.

ते आणलं, चाफ्याभोवती ठेवलं. आतल्या ढलप्या एकेक वेचून काढल्या. उशीर झाला होता, हे कळत होतं. तरी वेचत होते. वेचता वेचता तो डावा हात आठवला. वीतभर खाली सरणारा. तोंडाने सांगता येत नव्हतं म्हणून हाताने सांगत होते, आणि मी खोचत होते. मातीत बसून मी एवढ्या मोठ्याने रडले की सून हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. काय झालं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, "चाफा गेला." तिला तेवढंच सांगितलं.

श्रावणात शेजारचे सोनचाफे फुलले. आमच्या फाटकाशी नुसतं कडं आहे, आत मोकळी माती. तिथे मी कुणाला झाडू देत नाही.

काल सकाळी अंगात कणकण होती म्हणून पडून राहिले होते. सून आली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली, दोन्ही कडांनी खोचली. "आई, गारठा बघा किती!" मी हात काढून खाली सारली. तिने पुन्हा ओढली.

"लहान मुलासारखं काय करता?"

"गळ्यापाशी नको गं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. गोधडी छातीपर्यंत खाली घेतली आणि चहा ठेवायला गेली.

मला बोलता येतं, म्हणून एवढ्यावर भागलं.