खाणीच्या रस्त्यावरची काकू

काल शेजारी फरशी कापत होते. दगडाच्या भुकटीचा जळका वास पिंप्राळ्यातल्या माझ्या घरात शिरला आणि काकू आठवली. धरणगावकडच्या आमच्या गावाजवळ दगडाची खाण आली, खडी फोडायचं यंत्र धडधडू लागलं, तेव्हापासून तिला खोकला लागला. शेत खाणीला लागून. कापूस फुटायचा तोच राखाडी दिसायचा. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं, “खाणीत किती वर्षं काम केलंत?” काकू म्हणाली, “मी खाणमा कधीच गऊ नही. मी ते कापूस येचस.” डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि म्हणाले, “छातीत दगडाची धूळ बसली आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाणीच्या रस्त्यावर, खडीच्या डंपरसमोर जाऊन बसली. तिच्याशेजारी मी. डंपर चालवणारा आमच्याच गल्लीतला. तो उतरून हात जोडत म्हणाला, “काकू, ऊठ ना वं. माले बी पोट शे.” “आन माले छाती नही शे का?” काकूनं विचारलं आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. त्यानंच केबिनमधून पाणी आणलं, तिची पाठ चोळली. मागं गाड्या खोळंबल्या होत्या. शेवटी काकूच म्हणाली, “चाल घर, बस व्हयनं आते.” आम्ही बाजूला झालो. त्यानं धूळ उडू नये म्हणून डंपर अगदी हळू नेला. काकू त्याच उन्हाळ्यात गेली. खाण चालूच आहे. गावी गेले की तो डंपरवाला भेटतो. त्याचा राग येत नाही, नुसतं थकल्यासारखं होतं. आम्ही एकमेकांची तब्येत विचारतो आणि आपापल्या वाटेनं जातो.